फाइल आईकडे, दुखणं पोराकडे : सिकलसेल आणि अठरावं वर्ष

सांजवेळ
इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पाककृतींच्या धाग्यांवर कधीमधी लिहिते. आज जरा वेगळं विचारायचंय. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माझ्या मुलाला सिकलसेल आहे, एसएस, म्हणजे आई-बाप दोघांकडून सदोष जनुक आलेलं. आम्ही मूळचे चंद्रपूरकडचे, नवऱ्याच्या नोकरीमुळे वीसेक वर्षं मुंबईत, कुर्ल्याला. गावाकडे 'एसएस पॅटर्न' म्हटलं की शेजारणीलाही कळतं. इथे सोसायटीत 'ते रक्ताचं काहीतरी ना, थॅलेसेमियासारखं?' इथून सुरुवात करावी लागते. म्हणून माहीत नसणाऱ्यांसाठी दोन ओळी: याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी ऑक्सिजन सोडला की विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. जिथे अडकतील तिथे कळा. थंडी, ताप, पाणी कमी पडणं, दमछाक, काहीही निमित्त पुरतं. आम्ही दोघं नवरा-बायको वाहक, म्हणजे एएस, एकच जनुक सदोष. आम्हाला स्वतःला काही त्रास नाही, त्यामुळे लग्नाआधी तपासायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

तो दोन वर्षांचा असल्यापासून एकाच बालरोगतज्ज्ञ मॅडमकडे आहे. आता सतरा वर्षं आठ महिने. मागच्या महिन्यात मॅडम म्हणाल्या, "याचं पुढचं आता मोठ्यांच्या ओपीडीत, रक्तविकारवाल्यांकडे. मी चिठ्ठी देते." चिठ्ठी अर्ध्या पानाची. पंधरा वर्षांची फाइल माझ्या कपाटात, पिवळ्या रबरबँडने बांधलेली, वजनाला सहज दोन किलो भरेल.

पण मला झोप लागत नाही ती चिठ्ठीमुळे नाही. गेल्या दहीहंडीला हा न सांगता मित्रांच्या पथकात गेला. थरात नव्हता, खाली धरायला होता. दिवसभर पाण्याचे फवारे, ओले कपडे, घोटभर पाणी पोटात नाही. रात्री अकराला मांड्या आणि कंबर धरली. मुलांच्या विभागात गेलो तर "याचं वय बसत नाही, मोठ्यांच्या कॅज्युअल्टीत न्या". तिथे एक तरुण डॉक्टर. कुठे दुखतंय? दहापैकी किती? नेहमीचं हिमोग्लोबिन किती असतं? कुठली गोळी चालू आहे, किती मिलिग्रॅम? प्रत्येक प्रश्नाला पोरगा माझ्याकडे बघायचा आणि मी उत्तर द्यायचे. शेवटी तो डॉक्टर वैतागून म्हणाला, "पेशंट नक्की कोण आहे?"

तेव्हा मला भयंकर राग आला. घरी आल्यावर मात्र तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. सगळी उत्तरं मलाच ठाऊक. त्याला ठाऊक नाहीत, कारण मी कधी त्याला तोंड उघडूच दिलं नाही.

तर, ज्यांच्या मुलांनी असा बदल केलाय, सिकलसेल नसेल, थॅलेसेमिया, मधुमेह, हृदयाचं काहीही असेल, त्यांनी सांगा. कुठून सुरुवात केलीत?

झाडीपट्टी
ताई, वाचून राहिलो. आमच्याकडे घरटी कोणी ना कोणी वाहक आहे म्हणा ना. पोट्टा आता कसा आहे?

सांजवेळ
बरा आहे दादा. सहा दिवस ॲडमिट होता, सलाईन आणि दुखण्याची इंजेक्शनं. रक्त द्यावं लागलं नाही.

तिखटमीठ
काकू, मी २६, एसएस, ठाण्यात राहते. तुमच्या मुलाच्या जागी मी होते, फक्त माझ्या आईला तो प्रश्न कुणी विचारला नाही. त्यामुळे एकवीसपर्यंत मी तशीच राहिले.

मोठ्यांच्या वॉर्डात पहिल्यांदा गेलं की धक्का बसतो. मुलांच्या वॉर्डात भिंतीवर अस्वलं, सिस्टर नावाने हाक मारणाऱ्या. इथे शेजारच्या खाटेवर लिव्हर गेलेले आजोबा, पलीकडे डेंग्यू, आणि तुम्ही कळा येतात म्हणून ओरडलात तर 'एवढी हसतीखेळती दिसतेस की'. आम्ही लहानपणापासून दुखण्यात मोबाईल बघायला, बडबडायला शिकलेलो असतो. त्यावरून लोक ठरवतात की दुखत नाही. मला एकदा सरळ विचारलं गेलं होतं, इंजेक्शनची सवय लागलीय का म्हणून. आई बरोबर असती तर भांडली असती. मी एकटी होते, गप्प बसले, आणि पुढच्या वेळी दुखलं तेव्हा दोन दिवस घरीच काढले. तेच चुकलं. छातीत पाणी झालं.

म्हणून माझा एकच सल्ला. पहिली भेट बरं असताना करा. दुखत नसताना जा, डॉक्टरांना तोंड दाखवा, 'मी बरा असतो तेव्हा असा दिसतो' हे त्यांना कळू दे. पहिली ओळख कॅज्युअल्टीत रात्री दोन वाजता झाली तर ती ओळख नव्हेच.

हिरवळ
माझ्या भाचीला बीट-डाळिंबाचा रस आणि लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन सातावरून साडेदहा झालं. करून बघायला काय हरकत आहे? औषधं आयुष्यभर घेण्यापेक्षा बरं.

रात्रपाळी
मी मेडिसिनमध्ये शिकतोय, हॉस्पिटलचं नाव नको. आधी हिरवळ यांना: हरकत आहे. तुमच्या भाचीला लोहाची कमतरता असेल. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिन कमी असतं ते पेशी लवकर फुटतात म्हणून. साधी तांबडी पेशी १२० दिवस जगते, यांची दहा-वीस दिवस. फुटलेल्या पेशीतलं लोह शरीरातच राहतं, वर रक्त चढवलेलं असेल तर आणखी साठतं. तपासणीत कमतरता दिसल्याशिवाय लोहाची गोळी देऊ नये. बीट खा हो, बीटाबद्दल माझी तक्रार नाही.

आता सांजवेळताई. तो 'पेशंट नक्की कोण' म्हणणारा मीही असू शकलो असतो. उद्धटपणाची बाजू घेत नाही, पण आमच्या बाजूने काय दिसतं ते सांगतो. आमच्या वॉर्डात पावसाळ्यात डेंग्यू, मलेरिया, लेप्टो, बाकी वर्षभर टीबी, हार्ट, लिव्हर. एसएसचा रुग्ण महिन्या-दोन महिन्यांतून एखादा. पुस्तकात दोन पानं वाचलेली असतात. गडचिरोली, नंदुरबारला काम केलेल्या डॉक्टरला डोळे मिटून जे कळतं ते मुंबईतल्या रेसिडेंटला कळेलच असं नाही. आणि आमच्या पोस्टिंग दर काही महिन्यांनी बदलतात. म्हणजे दर वेळी नवा चेहरा, पुन्हा पहिल्यापासून कहाणी. ती कहाणी रुग्णाच्या तोंडात तयार हवी, दोन मिनिटांत संपणारी.

हे वय अवघड असतं हे फक्त तुमचं वाटणं नाही. अमेरिकेत डॅलसमध्ये जन्मापासून पाठपुरावा केलेल्या मुलांचा अभ्यास २०१० मध्ये आला. एसएस मुलांपैकी सुमारे ९४ टक्के अठरापर्यंत पोचली. जे मृत्यू झाले त्यातले बरेचसे अठरानंतर, मोठ्यांच्या दवाखान्यात गेल्यावर थोड्याच काळात. आपल्याकडच्या बहुतेक रुग्णांचा सिकल अरब-भारतीय प्रकारचा, त्यांच्यात एचबीएफ (पोटातल्या बाळाच्या रक्तात असतं ते हिमोग्लोबिन) जास्त असतं, म्हणून 'आपला सौम्य' असं म्हणायची पद्धत आहे. त्यावर विसंबू नका. सौम्य म्हणवलेले रुग्ण आयसीयूत गेलेले मी पाहिलेत.

कामाचं:
म्युनिसिपल हॉस्पिटलात मेडिसिनच्या युनिटांचे वार ठरलेले असतात. कुठल्याही वारी गेलात तर दर वेळी वेगळं युनिट. एक युनिट धरा, त्याच वारी जा. रक्तविकाराची वेगळी ओपीडी असेल तर तिचा वार आधी विचारून घ्या.
मॅडमना सांगा, एकदम सोडू नका. सहा महिने तरी दोन्हीकडे दाखवू द्या.
आणि मोठेपणी तपासण्या बदलतात. लहानपणी मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर करतात, तो साधारण सोळापर्यंत. आता लघवीतलं प्रथिन, डोळ्याचा पडदा, गरजेप्रमाणे इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. चालताना जांघेत दुखत असेल तर खुब्याचा फोटो. खुब्याच्या हाडाचा गोळा रक्त न मिळाल्याने खराब होतो, आणि पोरं 'क्रिकेट खेळून दुखतंय' म्हणून वर्ष काढतात.

कल्याण_स्लो
एक बाळबोध शंका. ती गोळी म्हणजे हायड्रॉक्सियुरियाच ना? आमच्या मेडिकलवाल्याने पुतण्याला चारचौघांत विचारलं, "कॅन्सरची गोळी कुणाला हवीय?" पोराने त्या दिवसापासून गोळी बंद केली. घरात कुणाला पत्ता नाही. चार महिन्यांनी क्रायसिस (कळांचा मोठा झटका) आला तेव्हा कळलं.

रात्रपाळी
तीच. कॅन्सरमध्येही वापरतात, इथे डोस कमी आणि हेतू वेगळा: एचबीएफ वाढवणं, म्हणजे पेशी वाकायच्या कमी होतात. परिणाम दिसायला काही महिने लागतात, आणि बंद केल्याचा परिणामही लगेच दिसत नाही, म्हणून पोरांना वाटतं 'बघा, काही झालं नाही'. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) नियमित हवा, पांढऱ्या पेशी उतरतात. लग्न, मूल यांचा विचार सुरू झाला की डॉक्टरांशी आधी बोलायचं. मुलींनी तर नक्कीच.

जलद_गाडी
वय २४, मुलगा, एसएस, अंधेरी. एक गोष्ट लिहितो जी इथे कुणी लिहिणार नाही. मॉडरेटरना वाटलं तर उडवा.

काकू, मुलाला डॉक्टरांकडे एकटं बसू द्या. निदान दहा मिनिटं. सिकलसेलमध्ये मुलांना एक त्रास होतो, लिंगाला ताठरता येते ती उतरतच नाही, दुखते, इच्छेशी काही संबंध नसतो. मला सोळाव्या वर्षी पहिल्यांदा झालं, पहाटे. मला वाटलं मी काहीतरी पाप केलं. दीड वर्ष कुणाला सांगितलं नाही, कारण प्रत्येक भेटीला आई शेजारी बसलेली. दर वेळी डॉक्टर विचारायचे "अजून काही?" आणि आई म्हणायची "नाही, बाकी सगळं ठीक". चार तासांच्या वर राहिलं तर ती इमर्जन्सी आहे, कायमचं नुकसान होतं, हे मला नंतर इंटरनेटवर कळलं.

आईचा दोष नाही. तिला कसं माहीत असणार.

तिखटमीठ
जलद_गाडी, लिहिलंस ते फार बरं केलंस. मुलींचंही तसंच. पाळीच्या दिवसांत माझं दुखणं उठतं, हे मला बाबांसमोर सांगता यायचं नाही.

सांजवेळ
जलद_गाडी, तुझा प्रतिसाद तीनदा वाचला. "बाकी सगळं ठीक" हे माझंच वाक्य आहे, शब्दन् शब्द. पुढे काय लिहू ते सुचत नाही.

कागदपत्र_आजी
हॉस्पिटलात समाजसेवा विभागात होते, आता निवृत्त. सगळे औषधांचं बोलले, मी कागदांचं बोलते, कारण अठराव्या वर्षी कागदही वयात येतात.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये सिकलसेल आला. युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढलं नसेल तर काढा, लहानपणीचं असेल तर त्यावरची मुदत बघा. प्रमाणपत्रावर दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर सरकारी आणि अनुदानित उच्चशिक्षण संस्थांत पाच टक्के राखीव जागांसाठी चालतं. मात्र सरकारी नोकरीतल्या चार टक्के राखीव जागांच्या यादीत रक्ताचे आजार नाहीत. कितीतरी मुलं त्या आशेवर दोन-दोन वर्षं घालवतात, म्हणून आधीच सांगते. का नाहीत, हे मला कधीच पटलेलं नाही.

दहावी-बारावीच्या बोर्डाला सिकलसेलच्या मुलांना तासाला २० मिनिटं जादा मिळतात. बारावी व्हायची असेल तर कॉलेजमार्फत वेळेत अर्ज करा, हॉल तिकीट आल्यावर धावपळ नको. उपचारासाठी गावाहून ये-जा असेल तर रेल्वेत भाड्याची सवलत आहे, ठरावीक नमुन्यात डॉक्टरांची सही लागते.

आणि एक, अठरा पूर्ण झाल्यावर संमतिपत्रावर सही त्याची. रिपोर्टही त्याच्या हातात. माझ्यासमोर एका आईने पोराचा एचपीएलसीचा (सिकलसेल ओळखणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट पर्समध्ये ठेवला आणि पोराने तो परत मागून घेतला. दोघंही लाजले. मला मात्र बरं वाटलं.

अर्धी_चाय
हे सगळं जीन थेरपीने सुटणार ना आता? २०२३ च्या शेवटी ब्रिटन-अमेरिकेत परवानगी मिळाली. पोराला कशाला एवढं रट्टा मारायला लावता.

रात्रपाळी
मिळाली, आणि विज्ञान म्हणून थक्क करणारं आहे. अमेरिकेतली किंमत वीस लाख डॉलरच्या वर. शिवाय आधी केमो देऊन स्वतःचा अस्थिमज्जा रिकामा करावा लागतो. दुसरीकडे व्होक्सेलोटर नावाची गोळी होती, मोठी आशा होती, २०२४ मध्ये कंपनीने स्वतःच जगभरातून मागे घेतली. येईल तेव्हा येईल. मंगळवारच्या ओपीडीत तोवर जावं लागेल.

झाडीपट्टी
आणि लग्नाचं बोला न कोणी. आमच्याकडे पोराचं सिकल लपवून सोयरीक करतात, मग दोन्ही घरं रडतात.

कागदपत्र_आजी
लपवायचं कारण नाही, हिशेब सोपा आहे. एसएस मुलाची बायको पूर्ण नॉर्मल असेल तर सगळी मुलं वाहक, आजारी कुणी नाही. बायको वाहक असेल तर प्रत्येक खेपेला निम्मी शक्यता एसएसची. मुंबईत केईएमच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, तिथे रक्ताची तपासणी होते आणि गर्भातल्या बाळाचीही करता येते. पण झाडीपट्टी, सतरा वर्षांच्या पोराच्या धाग्यावर लग्न आत्ता नको हो. त्याला आधी गोळीचा डोस पाठ होऊ दे.

सांजवेळ
तीन आठवड्यांनी लिहितेय.

आधी घरातलं. मी फाइल जेवणाच्या टेबलावर आणून ठेवली आणि त्याला म्हटलं, ही तुझी. त्याने उघडली, पहिल्याच पानावर त्याचा दोन वर्षांचा असतानाचा फोटो स्टेपल केलेला, नाकात ऑक्सिजनची नळी. "हा मी?" म्हणाला. इतक्या वर्षांत त्याने ती फाइल आतून बघितलीच नव्हती. २०२१ मध्ये छातीचं झालं होतं तेव्हा तो व्हेंटिलेटरवर जाता जाता राहिला, हे त्याला माहीत नव्हतं. आम्ही 'न्यूमोनिया' सांगितलं होतं. दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. मग तिसऱ्या दिवशी स्वतःच लॅपटॉपवर तक्ता करायला बसला, कुठल्या वर्षी किती वेळा ॲडमिट. त्याच्या लक्षात आलं ते माझ्या कधी आलं नव्हतं: निम्म्याहून जास्त वेळा ऑगस्ट-सप्टेंबर. पाऊस, दहीहंडी, गणपती.

मॅडमना काही महिने दोन्हीकडे दाखवू द्यायची विनंती केली, त्या लगेच तयार झाल्या. नव्या डॉक्टरांना फोन करते म्हणाल्या, आणि केलाही.

परवा पहिली भेट झाली. बरा असताना, तिखटमीठ म्हणाली तसं. सकाळी आठला केस पेपरच्या रांगेत तो उभा, मी बाकावर. दार उघडलं, नाव पुकारलं, मी सवयीने उठले. तो वळून म्हणाला, "आई, तू बस. मी बोलावतो." एकोणीस मिनिटं. मी घड्याळ बघत होते. मांडीवर पाण्याची बाटली होती, तिचं झाकण मी उघडून लावून उघडून लावून सैल करून टाकलं. मग त्याने बोलावलं. डॉक्टरांनी मला दोनच प्रश्न विचारले, दोन्ही तो पाच वर्षांचा व्हायच्या आधीचे. आत काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. (विचारलं. त्याने सांगितलं नाही.)

सगळं काही गोड नाही. गोळी आठवड्यात दोनदा तरी चुकते, हे त्याने डॉक्टरांसमोर कबूल केलं आणि मी तिथेच ओरडले. बाहेर आल्यावर म्हणाला, "म्हणूनच तुला आत घेत नव्हतो."

जलद_गाडी
एकोणीस मिनिटं म्हणजे छान बोलला असणार. डॉक्टरांसाठी काही लिहून नेलं होतं का त्याने? मी असंच एक कार्ड करायचं म्हणतोय.

सांजवेळ
हो, एक पान. मी लिहिलेलं त्याने फाडलं, फार मोठं आहे म्हणाला. हे त्याचं. त्याला विचारून टाकतेय, नाव काढून:

"मला सिकलसेल (एसएस) आहे. रक्तगट बी पॉझिटिव्ह. बरा असताना हिमोग्लोबिन ८.४, ऑक्सिजन ९६. हायड्रॉक्सियुरिया ५०० च्या दोन गोळ्या रोज रात्री, फॉलिक ॲसिड एक. रक्त आजवर दोनदा चढवलं. २०२१ मध्ये छातीचा क्रायसिस, म्हणून ताप किंवा धाप असेल तर छातीचा फोटो लगेच काढा. किडनीसाठी डायक्लोफेनॅक टाळायला सांगितलंय. दुखणं बहुतेक मांड्या आणि कंबरेत असतं. नेहमीपेक्षा वेगळं असलं तर मी सांगीन. दुखतं तेव्हा मी गप्प होतो, रडत नाही. मोबाईल बघत असलो तरी दुखत असतं. सलाईनसाठी डाव्या मनगटाच्या वरची शीर मिळते, उजव्या हाताला शोधू नका. आई बाहेर आहे, तिला पाणी विचारा."